सायकल दुकानातली पहिली दहा मिनिटं

एका वाचकाने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभरात तीन लहान, स्वतंत्र सायकल दुकानांचा अनुभव घेतला. पहिल्याकडे गियर सेटिंगसाठी सायकल दिली, तर घ्यायला गेल्यावर नवी चेन आणि नवी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) यांचं बिल हातात पडलं. दुसऱ्याने कुरकुर काढली म्हणून सांगितलं आणि ती दोन दिवसांत परत आली. तिसऱ्याने ऑनलाइन मागवलेले ब्रेकपॅड बघून तोंड वाकडं केलं आणि 'हे बसणार नाहीत' म्हणून परत केले. मग या लोकांवर विश्वास ठेवायचा का? की मोठ्या साखळी दुकानात जायचं? की सरळ हत्यारं घेऊन स्वतःच शिकायचं?

मी बावीस वर्षं सायकली दुरुस्त करते आहे, पहिली नऊ दुसऱ्यांच्या दुकानात आणि नंतरची स्वतःच्या. तेव्हा मी काही तटस्थ पंच नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी माझं मत असं आहे की तुमच्या पहिल्या दुकानाचं काम बहुधा बरोबर होतं पण वागणं चुकलं, दुसऱ्याचं काम अर्धवट राहिलं, आणि तिसरा पूर्ण बरोबर असण्याची दाट शक्यता आहे. तरीही तुम्ही तिन्हीकडून सारखेच नाराज होऊन बाहेर पडलात. कारण तिन्ही ठिकाणी बिघडलं ते एकाच जागी, सायकल आत घेतानाच्या पहिल्या दहा मिनिटांत. मागे स्टँडवर काय चालतं ते गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि दिसलं तरी कळत नाही. पण ही दहा मिनिटं तुमच्या डोळ्यांसमोर जातात, आणि दुकान पारखायला तेवढी पुरतात.

आधी चेनचं बघू, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरून होतात.

गिऱ्हाईक दुकानात येऊन आजार सांगत नाही, औषध सांगतं. 'गियर सेटिंग करून द्या' हे औषध झालं. आजार असतो 'चढावर जोर लावला की चेन खटकन उडते'. यात सेटिंगचा काहीही दोष नसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. आपण म्हणतो चेन ताणली. प्रत्यक्षात पोलाद ताणलं जात नाही, प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीची आतली कड झिजते. चेनमध्ये असे शंभरावर सांधे असतात. प्रत्येकात केसभर ढिलाई आली की बेरीज होऊन चेन लांब होते, आणि ती लांब चेन मागच्या चकत्यांचे दात आपल्या मापाने खाऊन घेते. म्हणून जुनी चेन जुन्या कॅसेटवर गुण्यागोविंदाने चालते. नवी चेन त्याच कॅसेटवर टाकली की मात्र उडायला लागते, आणि नेमकी तुमच्या सगळ्यात आवडत्या चकतीवर, कारण तीच सगळ्यात जास्त खाल्लेली असते.

हे मोजायला खास हत्यार लागत नाही. इंचाच्या खुणा असलेली पोलादी पट्टी घ्या. पॅडल हाताने जरा दाबून चेनचा वरचा भाग ताठ करा. एका पिनच्या बरोब्बर मध्यावर शून्य धरा आणि बारा इंचांच्या खुणेवर बघा. पिन ते पिन अंतर अर्धा इंच असतं, त्यामुळे नव्या चेनमध्ये तिथून पुढच्या चोविसाव्या पिनचा मध्य बाराच्या खुणेवर चपखल बसतो. ती पिन एक-सोळांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेलेली दिसली की चेन अर्धा टक्का लांबली. ११ आणि १२ गियरच्या, म्हणजे मागे तेवढ्या चकत्या असलेल्या, सायकलींच्या बारीक चेना इथेच बदलाव्यात. १० आणि त्याखालच्या पाऊण टक्क्यापर्यंत चालतात. पिन एक-अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर नुसत्या चेनचा विषय संपला, कॅसेटही गेलीच समजा. वेळेवर चेन बदलत राहिलात तर एक कॅसेट दोन-तीन चेना सहज काढते. तुमच्या पहिल्या दुकानदाराने बहुधा हेच पाहिलं आणि दोन्ही बदललं. ते केलं नसतं तर तुम्ही चार दिवसांनी 'तुम्ही हात लावला आणि सायकल बिघडली' म्हणत परत आला असता. माझ्याकडे असे लोक येतात, म्हणून सांगते.

पण ही पट्टी त्याने काउंटरवर तुमच्या समोर लावायला हवी होती. दहा सेकंदांचं काम आहे. मी प्रत्येक सायकलला लावते, पंक्चरसाठी आलेली असली तरी. गिऱ्हाइकाला वाकून बघायला लावते, 'ही पिन कुठे दिसते सांगा' म्हणते. स्वतःच्या डोळ्यांनी पुढे गेलेली पिन पाहिलेल्या माणसाने चेनच्या बिलावर वाद घातल्याचं मला आठवत नाही. आणि समजा सायकल स्टँडवर चढल्यावरच कळलं, तर फोन करायचा. न विचारता एवढं काम केलं, ही त्याची चूक. तुम्हीही पुढच्या वेळी सायकल देताना एक वाक्य पावतीवर लिहून घ्या: सांगितलेल्या कामापलीकडे काही लागलं तर फोनशिवाय करू नये, आणि काढलेले जुने भाग पिशवीत परत द्यावेत. चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून सायकल तिथल्या तिथे परत घ्या.

गियरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कुणी गियरची तक्रार घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो, 'सायकल उजव्या बाजूला पडली होती का?' बहुतेक जण आधी नाही म्हणतात आणि मग आठवून सांगतात की पार्किंगमध्ये दुसऱ्या कुणाची तरी हिच्यावर पडली होती. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे मार बसल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. तो दोन-तीन मिलिमीटर वाकला तरी डोळ्यांना चटकन दिसत नाही. आणि १० च्या पुढच्या गियरमध्ये शेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांमधलं अंतर चार मिलिमीटरसुद्धा नसतं. अशा वेळी केबलचा स्क्रू कितीही फिरवा, तीन गियर बसतात आणि चार बिघडतात. हँगर सरळ करायचा मापदंड प्रत्येक बऱ्या दुकानात भिंतीला टांगलेला असतो. तो वापरून चकाकलेला आहे की धूळ खातोय ते नजरेने टिपून ठेवा.

आता कुरकुर. या कामात माझे स्वतःचेच हात पोळलेत.

दुकान टाकल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ नियमित यायचे. कार्बनची सायकल, पॅडल मारताना खालून 'टक-टक' असा आवाज. मी स्टँडवर लावली, क्रँक (पॅडलचे दांडे) फिरवले, काही नाही. खालून आवाज म्हणजे बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरतात तो फ्रेमच्या तळातला बेरिंगचा भाग), असं मनात पक्कं केलं. बीबी काढून, साफ करून, ग्रीस लावून परत दाबून बसवला. आठवड्याने ते परत आले. या वेळी बीबीच नवा टाकला. दहा दिवसांनी पुन्हा परत. मग मी चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चकतीचे) बोल्ट, पॅडलचे आटे, सगळं खोलून बसवलं. चौथ्या वेळी ते आले नाहीत. पुढे कधीतरी रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनीच सांगितलं: दुसऱ्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने त्यांना फक्त एवढंच विचारलं, 'पॅडलवर उभं राहून चालवल्यावर आवाज येतो का?' नाही, येत नव्हता. त्याने सीटच्या खालची पकड सोडवली, सीटच्या दोन्ही रुळांना पुसून ग्रीसचं बोट लावलं, बोल्ट आवळला. संपलं. मी त्यांच्याकडून तीनदा मजुरी आणि एका नव्या बीबीचे पैसे घेतले होते. पैसे परत द्यायला मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी घेतले, पण सायकल काही परत आणली नाही.

सायकलची फ्रेम म्हणजे पोकळ नळ्या. वरचा आवाज खालून आल्यासारखा वाटतो, मागचा पुढून. कोरडी सीटपोस्ट, सैल चेनरिंग बोल्ट, मागच्या चाकाचा एक्सल, हँगरचा स्क्रू, जिथे दोन स्पोक एकमेकांवरून जातात ती जागा, यांतलं काहीही असू शकतं. शिवाय स्टँडवर सायकलवर माणसाचं वजन नसतं, त्यामुळे तिथे आवाज येतच नाही. मग मेकॅनिक म्हणतो 'मला काही ऐकू येत नाही' आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला खोटं ठरवतोय. दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणून कुरकुरीचं निदान हत्याराने होत नाही, प्रश्नांनी होतं. पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला येतो की चाकाच्या? (पॅडल थांबवून सायकल नुसती वाहू दिली की हे लगेच कळतं.) उभं राहिल्यावर थांबतो? थांबत असेल तर सीट किंवा सीटपोस्ट. पाय स्थिर ठेवून नुसतं हँडल डावी-उजवीकडे ओढल्यावर येतो? मग पुढच्या भागात शोधा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवल्यावर 'टुक' करतो? हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं तो बेरिंगचा भाग, ढिला. फक्त उजव्या पायाच्या जोराला येतो? पॅडल दुसऱ्या जोडीचं लावून बघा. त्या प्रसंगानंतर मी कुरकुरीची सायकल प्रश्न विचारल्याशिवाय आणि स्वतः पाच मिनिटं चालवल्याशिवाय आत घेत नाही. तुमच्या दुसऱ्या दुकानाने यातलं काही विचारलं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की त्याने सायकल घेतली, 'होऊन जाईल' म्हणाला आणि बीबीचे बोल्ट आवळून दिले. 'होऊन जाईल' हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग वाक्य.

तिसऱ्या दुकानाची बाजू मात्र मी घेणार आहे.

तुम्ही लिहिलंय की पॅड मेटलचे होते, जास्त टिकतात असं वाचून मागवले, आणि ब्रेक शिमानो कंपनीचे, साधे, सायकलबरोबर आलेले. एक करा. मागच्या चाकाची डिस्क हळूहळू फिरवा आणि तिच्यावर कोरलेली बारीक अक्षरं वाचा. शिमानोच्या स्वस्त डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली', म्हणजे फक्त रेझिनचे पॅड लावा, असं लिहिलेलं असतं. ती डिस्क मऊ असते, तिच्यावर मेटलचे पॅड लावले की पॅड टिकतात आणि डिस्क खलास होते. नवी डिस्क साधारण १.८ मिलिमीटर जाडीची असते आणि १.५ ला टाकून द्यायची असते. खायला जागा आहे ती फक्त ०.३ मिलिमीटर. तुमच्या डिस्कवर ती अक्षरं निघाली तर नकार बरोबर होता. त्याने ती अक्षरं तुम्हाला दाखवायला हवी होती, तोंड वाकडं करायची गरज नव्हती, हेही तितकंच खरं.

गिऱ्हाइकाने आणलेला भाग बसवायला आम्ही का कां-कूं करतो, ते उघडच सांगते. एक कारण पैशाचं आहे. लहान दुकान नुसत्या मजुरीवर जगत नाही, भागांवरच्या नफ्यातून दुकानाचं भाडं निघतं. ज्याला हे पटत नाही त्याच्याशी मी भांडत नाही, आणलेल्या भागाची मजुरी थोडी जास्त लावते आणि तसं आधी सांगते. दुसरं कारण हमीचं. तुमचा भाग सदोष निघाला तर काढून परत बसवायची मजुरी कुणाची? आणि तिसरं, जे लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असतं: सायकलच्या मापांचा जो गोंधळ आहे तसा दुसऱ्या कुठल्या यंत्रात मी पाहिला नाही. बीबीच घ्या. इंग्लिश मापाच्या आट्यांत उजव्या बाजूचे आटे उलटे, इटालियन मापात दोन्ही बाजूंचे सुलटे, आणि दाबून बसवायचे प्रकार तर पाच-सात. ब्रेकच्या तेलात शिमानोला खनिज तेल, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट नावाचं वेगळं तेल. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की आतली रबरं फुगतात आणि अख्खा ब्रेक बदलावा लागतो. कॅसेट ज्या हबवर बसते त्याचेही तीन-चार प्रकार आहेत, आणि फोटोत ते सगळे सारखेच दिसतात.

टायरचं तर विचारूच नका. 'छब्बीस इंची टायर द्या' असा फोन रोज येतो. छब्बीस इंच म्हणून विकले जाणारे टायर निदान पाच वेगवेगळ्या व्यासांच्या रिमवर बसतात: ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ मिलिमीटर. एकाचा टायर दुसऱ्यावर जात नाही, मग कितीही ओढा. उलट ७०० सी, २८ इंच आणि एमटीबीचे (डोंगरी सायकलींचे) २९ इंच ही तीन नावं बहुतेक वेळा एकाच ६२२ मिलिमीटरच्या रिमची असतात. बहुतेक वेळा म्हणते, कारण जुन्या धाटणीच्या काही सायकलींवर २८ इंच म्हणजे ६३५. शेल्डन ब्राउन नावाचा एक मेकॅनिक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका स्वतंत्र सायकल दुकानात काम करायचा. त्याने हे सगळे आकडे तक्त्यांत मांडून इंटरनेटवर फुकट ठेवले. तो २००८ मध्ये गेला, पण शंका आली की जगभरचे मेकॅनिक अजून त्याचेच तक्ते उघडतात. तुम्ही एवढंच करा: दुकानात फोन करण्याआधी टायरच्या कडेवर ३७-५९० किंवा ४७-६२२ अशा धाटणीचा आकडा शोधा आणि तो वाचून दाखवा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. पलीकडच्या माणसाचा सूर बदललेला तुम्हाला ऐकू येईल.

सुराचा विषय निघालाच आहे तर. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला तुच्छ लेखायची खोड आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. साधी सायकल असेल तर, म्हातारं माणूस असेल तर, बाई असेल तर जरा जास्तच. मी काउंटरमागे ग्रीसच्या हातांनी उभी असते आणि माणूस आत येऊन विचारतो, 'मेकॅनिक कधी येतील?' त्यामुळे दोन्ही बाजूंनी हे कसं लागतं ते मला ठाऊक आहे. तुम्हाला कमी लेखणारं दुकान कामात कितीही हुशार असलं तरी सोडून द्या. कारण साधं आहे: जो तुमचं ऐकून घेत नाही त्याला आवाज कधी येतो तेही कळणार नाही. एक अपवाद करते. एकट्याने चालवायच्या दुकानात, हंगामाच्या दिवसांत, संध्याकाळी साडेसहाला, हात ग्रीसने माखलेले आणि फोन वाजतोय अशा वेळी माणूस तुटक बोलतो. त्याला आणखी एक संधी द्या, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी.

दुकानं अगदी स्वस्त सायकलींना हात लावत नाहीत हीही तक्रार असते. त्यात गर्व कमी आणि हिशोब जास्त. त्यांचे बोल्ट मऊ लोखंडाचे असतात, ब्रेकची पट्टी हाताने वाकते, दुरुस्तीचा खर्च सायकलीच्या किमतीला जाऊन भिडतो, आणि त्यानंतर ती नीट चालली नाही तर नाव आमचं खराब. तरी 'नाही' म्हणण्यापेक्षा 'एवढा खर्च येईल, तुम्ही ठरवा' असं सांगणारा दुकानदार मला बरा वाटतो.

मोठ्या साखळी दुकानांबद्दल. तिथे माल असतो, दर भिंतीवर लिहिलेले असतात, बदलून मिळतं, रविवारीही उघडं असतं. नवी ट्यूब, नवी चेन, नवे पॅड यांसाठी खुशाल जा. मात्र तिथे सायकल घेणारा एक आणि दुरुस्त करणारा दुसरा असतो, बऱ्याचदा दोघांची भेटच होत नाही. तुम्ही जे तोंडी सांगता ते फॉर्मवर 'आवाज येतो' एवढंच उरतं. कुरकुरीसारख्या कामाला हे मारक आहे. लहान दुकानात तुमचं ऐकणारा आणि पाना धरणारा एकच असतो, त्याचा खरा फायदा एवढाच, पण मोठा आहे.

आणखी एक फायदा वहीचा. शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की २०१२ ते २०१९ या काळात बनलेले ११ गियरचे काही हॉलोटेक क्रँक, जे दोन तुकडे चिकटवून केलेले आहेत, ते सुटू शकतात, तेव्हा दुकानात नेऊन तपासून घ्या. तपासणी गिऱ्हाइकाला फुकट. माझ्या वहीत कुणाच्या सायकलीवर कुठला क्रँक आहे हे लिहिलेलं होतं, त्यामुळे दोन संध्याकाळी बसून मी फोन लावले. बऱ्याच जणांना ही बातमीच माहीत नव्हती. ऑनलाइन सायकल घेऊन दुकानाचं तोंडही न पाहिलेल्या माणसाला असा फोन कोण करणार? त्यालाही मी नावं ठेवत नाही. २०२० नंतरच्या दोन वर्षांत साध्या चेनासुद्धा आमच्याकडे नव्हत्या, डिस्ट्रिब्यूटर महिनोन्‌महिने पुढच्या तारखा द्यायचे. लोकांनी मिळेल तिथून घेतलं, आणि सवय लागली ती लागली.

खोक्यातून आलेली सायकल स्वतः जोडली असेल तर दोन गोष्टी मात्र तपासून घ्या. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. जोर करून सुलटे आवळले की क्रँकचं मऊ ॲल्युमिनियम कापलं जातं आणि मग क्रँकच बदलावा लागतो. आणि पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा लावलेला नाही ना ते बघा. हसू नका, दर वर्षी एक-दोन तरी येतात.

नवी सायकल कुठूनही घेतलेली असो, महिना-दीड महिन्यात ती एकदा दुकानात न्या. केबलची आवरणं बसतात आणि केबल ढिली पडल्यासारखी होते, स्पोक आपापल्या जागी बसून ताण कमी होतो, बोल्ट सैलावतात. स्वतंत्र दुकानं ही पहिली सर्व्हिस बहुधा विक्रीतच धरतात. लोक येतच नाहीत, आणि वर्षाने स्पोक तुटला की कंपनीला शिव्या घालतात.

स्वतः शिकायचं का? जरूर. पंक्चर, चेनला तेल, पट्टीने चेन मोजणं, पॅड बदलणं हे घरी करा. आम्हाला यात नुकसान नाही, उलट अशी गिऱ्हाइकं आजार नीट सांगतात. एक हत्यार मात्र आधी घ्या: टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला जातोय ते सांगणारा. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टवर बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, आणि साध्या ॲलन कीने मनगटाच्या जोरावर त्याच्या दुप्पट सहज जातं. कार्बनच्या हँडलला तेवढ्याने तडा पडतो, आणि तो तडा पकडीखाली लपलेला असल्यामुळे दिसत नाही. पॅडलला मात्र ३५ च्या वर लागतं आणि लोक तिथे हात आखडता घेतात. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बदलणं आणि दाबून बसवायची बेरिंगं एवढं सुरुवातीला आमच्याकडे सोडा. आणि घरातला कुठलाही स्प्रे डिस्कच्या आसपास मारू नका. तेलाचा एक शिंतोडा पॅडवर गेला की ते किंचाळायला लागतात आणि धरत नाहीत, मग बहुतेक वेळा नवेच घ्यावे लागतात.

आता तुमच्या कुरकुरीचं. मी तुमच्या जागी असते तर त्याच दुसऱ्या दुकानात परत गेले असते. आधी घरी वरचे प्रश्न स्वतःच तपासून कागदावर लिहिले असते: उभं राहिल्यावर येतो की नाही, कुठल्या पायाला, चढावर की सपाटीवर. तो कागद त्याच्या हातात द्या आणि एक चक्कर मारून बघा म्हणा. त्याने कागद वाचला आणि सायकल घेऊन बाहेर पडला तर दुकान धरून ठेवा, पहिली चूक पोटात घाला. न वाचता पुन्हा 'होऊन जाईल' म्हणाला तर तुमचं तुम्हाला कळेलच. एरवी दुकानात न्यायच्या आधी सायकल धुऊन न्यावी, चिखलाखाली तडे दिसत नाहीत आणि चिखल काढायचा वेळही बिलात लागतो. पण कुरकुरीसाठी नेणार असाल त्या सकाळी तेवढी धुऊ नका. सांध्यात पाणी शिरलं की आवाज दिवसभर गप्प बसतो, आणि काउंटरवर तुम्ही पुन्हा खोटे पडाल.